काळ्या पाटीसमोर

दोन महिन्यांनी कॅमेरा चालू केला, तर बंद रिकाम्या खोलीत माणूस बसलेला.

आता असं सांगितलं की लोक लगेच खुर्ची पुढे ओढतात. पण घार त्यातली नव्हती. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की ती उठून चहा आणायला जायची. उष्णता बघणारे कॅमेरे तपासायचे, हे तिचं अकरा वर्षांचं काम. लाखो ठिपक्यांच्या चित्रात एक ठिपका मेलेला असला तरी तिच्या नजरेतून सुटायचा नाही, म्हणून मास्तरांनी तिचं नाव घार ठेवलं. ते इतकं चिकटलं की हजेरीपटावर तिचं खरं नाव वाचून शिपाईसुद्धा विचारायचा, ही कोण बाई नवीन आली? तर अशी ती घार पडद्यासमोर बसली होती आणि तिने खुर्ची हातभर मागे सरकवली होती.

माणूस काळा होता. काळा म्हणजे थंड. या चित्रांत गरम वस्तू पांढरी दिसते आणि थंड काळी. जिवंत माणूस नेहमी पांढरा उजळ दिसतो. हा मात्र कोणी कात्रीने कापून काढल्यासारखा, माणसाच्या आकाराचं भोक होता. जमिनीवर बसलेला, एक हात वर केलेला, पंजा उघडा. आणि त्या काळ्या तोंडावर दोन लख्ख पांढरी भिंगं. काचेतून अंगाची उष्णता बाहेर येत नाही, त्यामुळे अशा चित्रांत चष्मा कायम काळा असतो. इथे सगळंच उलटं होतं.

घारीने उठून खोलीचं दार उघडलं आणि आत डोकावून पाहिलं. खोली रिकामी. आठ-दहा पावलांची, खिडकी नसलेली. एका टोकाला तिवईवर कॅमेरा, दुसऱ्या टोकाला भिंतीपासून जरा पुढे उभी केलेली मोठी काळी पाटी, आणि पाटीच्या शेजारी हे दार. ती परत येऊन बसली. माणूस तिथेच.

खरं तर तिला काय झालंय ते पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. कळायला नको होतं, एवढंच.

त्यासाठी मास्तरांचं काम सांगायला हवं. मास्तर कुठल्या शाळेतले नव्हेत; प्रयोगशाळेतला सगळ्यात जुना माणूस, आणि बिस्कीट कधी बुडवायचं हेसुद्धा फळ्यावर आकृती काढून शिकवणारा, म्हणून मास्तर. उष्णता बघणाऱ्या कॅमेऱ्याचा डोळा म्हणजे नखाएवढी एक चिप. तिची पंचाईत अशी की स्वतःच्या अंगातली ऊबही तिला बाहेरची वाटते. म्हणून तिला उणे दोनशेपर्यंत गारठवून गप्प बसवावं लागतं. ते गारठवायचं यंत्र डोळ्यापेक्षा शंभरपट मोठं, दिवसभर घरघरणारं, आणि ऐन कामाच्या वेळी मान टाकणारं. नाकापेक्षा मोती जड. मास्तरांनी अठरा वर्षं एकच ध्यास घेतला होता: उणे सव्वाशेला, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘चांगल्या उबेत’, नीट बघणारा डोळा. यंत्र इवलंसं लागेल, कमी दमेल, कॅमेरा तळहातावर मावेल. ‘उणे सव्वाशेला ऊब म्हणणारा माणूस घरी काकूंना पंखा लावू देत नसेल,’ अशी सगळे त्यांची चेष्टा करायचे. ते म्हणायचे, पंखा लावते ती, चालवायचा कोणी ते ठरलेलं नाही. याचा अर्थ कोणालाच लागायचा नाही, पण हसायचे सगळे.

आणि त्यांनी तो डोळा बनवला. फक्त एक खोड राहिली. गार डोळा एकदा सरळ केला की महिनोन्‌महिने सरळ राहतो. हा उबेतला डोळा तासाभरात भरकटायचा. चित्रात कुठेतरी पांढुरकं काहीतरी उमटायचं, हळूहळू पसरायचं. त्याला ते ढग म्हणत. ढग आला की ‘पाटी पुसायची’. म्हणजे काय, तर काळी पाटी सगळीकडे सारखीच कोमट ठेवलेली असते. कॅमेरा तिच्याकडे सेकंदभर टक लावून बघतो, जे दिसेल ते टिपून ठेवतो, आणि त्यापुढे प्रत्येक चित्रातून ते वजा करतो. समोर जे आहे ते ‘काही नाही’ आहे, असं कॅमेऱ्याला सांगणं म्हणजे पाटी पुसणं. एक बटण दाबायचं.

आता पाटीसमोर माणूस असताना कोणी ते बटण दाबलं, तर कॅमेऱ्याच्या लेखी तो माणूसही ‘काही नाही’. तो चित्रातून नाहीसा होतो. आणि माणूस तिथून गेला की त्याच्या जागी त्याच्याच आकाराचं काळं भोक उरतं. नवशिक्यांकडून ही चूक होते, आणि मग आठवडाभर त्यांची टिंगल चालते.

घारीने नोंद उघडली. शेवटची पाटी पुसल्याची तारीख: मास्तर गेले तो दिवस. वेळ: दुपारी तीन सेहेचाळीस. बटण कोणी दाबलं: तिचंच नाव.

तो दिवस तिला तोंडपाठ होता. जेवणानंतर मास्तर म्हणाले, छातीत जळजळतंय, आज लवकर जाईन म्हणतो. ती म्हणाली, जा, नाहीतर काकू माझ्या नावाने बोटं मोडतील. अडीचला बराच वेळ चालणारं मापन लावायचं होतं. मापन चालू असल्याचा लाल दिवा लावण्याआधी दार उघडून आत कोणी नाही हे बघायचं, असा मास्तरांचाच नियम. पण दार उघडलं की बाहेरची गरम हवा आत शिरते आणि मग तासभर थांबावं लागतं. म्हणून सगळेच बंद दाराला तोंड लावून विचारायचे, ‘आत कोण?’ आणि दिवा लावायचे. मास्तर स्वतःही तेच करायचे, वर इतरांना रागवायचे. घारीने विचारलं. उत्तर आलं नाही. तिने दिवा लावला.

मास्तर आत होते. पाटीच्या मागे, तिला सारखी कोमट ठेवणाऱ्या पंख्याच्या घरघरीत, एक सैल तार आवळत. स्क्रू-ड्रायव्हर नंतर तिथेच सापडला. दिवा लागल्यावर आत अडकलेल्याने पाटीमागेच बसून राहायचं, समोर येऊन मापन बिघडवायचं नाही, हाही त्यांचाच नियम. ते बसले असतील. आणि मग ते जळजळणं वाढलं असेल.

इकडे घार आलेखाकडे डोळे लावून बसली होती. चित्र काडेपेटीएवढं करून कोपऱ्यात सारलेलं, आणि तेही दर पाच मिनिटांची सरासरी काढलेलं, म्हणजे हलणारं सगळं फिस्कटलेलं. तीनच्या सुमाराला त्यात पांढुरकं काहीतरी आलं. ढग. तिने बटण दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा, दुसरीकडे, शेजारी जरा काळपट छटा. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा तिला वैताग आला, स्वतःशीच म्हणाली, काय कटकट आहे, आणि दाबलं. त्यानंतर तिने वहीत लिहिलं: ‘३:५० ला चित्र स्वच्छ.’ मग ती चौकटच बंद करून नुसता आलेख बघत बसली.

सहाला दार उघडलं तेव्हा मास्तर सापडले. तोपर्यंत सगळं संपलं होतं. तिवईजवळ पडले होते. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की जागच्या जागी गेले. आणि घार काकूंच्या गळ्यात पडून रडली होती, म्हणाली होती, ‘मला काहीच दिसलं नाही हो काकू. दिसलं असतं तर धावत गेले असते.’

कॅमेऱ्यात जुन्या पाट्या, म्हणजे पुसण्याच्या वेळी टिपलेली चित्रं, साठवलेल्या असतात. आता उघडाव्यात की नाही, यातच तिची अर्धी सकाळ गेली. खरं सांगते, अशा वेळी माणसाला टेबल पुसायला सुचतं, पेन्सिलींना टोक करायला सुचतं. तिने दोन्ही केलं. मग एकेक उघडली. सरासरीत फिस्कटलेलं तिथे नव्हतं. एका सेकंदाचं टिपलेलं स्पष्ट होतं. आणि या मूळ पाट्या असल्यामुळे त्यांत मास्तर उजळ होते, उबदार होते.

तीन वाजून आठ मिनिटं: मास्तर पाटीच्या कडेला उभे, वाकलेले, एक हात छातीवर. तीन सत्तावीस: खोलीच्या मध्यावर, गुडघ्यांवर. तीन सेहेचाळीस: कॅमेऱ्याच्या जवळ, जमिनीवर बसलेले, तोंड थेट भिंगाकडे, हात वर.

मोठे साहेब नेमके तेव्हा आत आले. प्रयोगशाळेचे प्रमुख, उद्या अकराला कॅमेरा घ्यायला येणाऱ्या पाहुण्यांच्या काळजीने सकाळपासून येरझाऱ्या घालणारे.

“झाली का पाटी पुसून? अजून तपासणीची रांग आहे, घार.”

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला आणि काय आहे ते दोन वाक्यांत सांगितलं. साहेबांनी खुर्चीची पाठ धरली.

“हे आणखी कोणी बघितलं?”

“नाही.”

“मग नको बघायला. हे बघ, ढग आला की पुसायचं हे तुला कोणी शिकवलं? त्यांनीच. तुझ्या जागी मी असतो तरी पुसलं असतं. आणि काकूंना सांगायला जाऊ नकोस. त्या एका वाक्यावर दिवस काढतायत. जागच्या जागी गेला, कळलंसुद्धा नाही त्याला. तेवढंही काढून घेतलंस, तर त्या जगतील कशावर?”

साहेब वाईट माणूस नव्हते. उलट गेल्या दोन महिन्यांत काकूंकडे सगळ्यात जास्त खेपा त्यांच्याच झाल्या होत्या. त्यामुळेच त्यांचं बोलणं घारीच्या आत खोल रुतलं. पुसून टाकावं. मास्तरांचा कॅमेरा जगात जाईल, काकूंचं वाक्य शाबूत राहील, आणि आपण काय, आपण तर नियमाप्रमाणेच वागलो. सगळ्यांचंच भलं. ‘बरं,’ ती म्हणाली. तरीही साहेब गेल्यावर तिने तिन्ही पाट्या कागदावर छापून घेतल्या. का, ते तिला विचारू नका.

दुपारी ती पाटी पुसायला उठली. बाहेरच्या टेबलावरून बटण दाबण्याची तिची हिंमत होईना, म्हणून खोलीत गेली, दार लावून घेतलं, आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या बटणावर बोट ठेवलं. निदान या वेळी जवळ उभं राहून पुसू, असं काहीतरी मनात होतं. पंख्याची घरघर पाटीमागेच अडत होती; कॅमेऱ्यापाशी इतकी शांतता होती की स्वतःचा श्वास ऐकू येत होता. तिने बटण दाबलं.

कट्.

कॅमेऱ्याच्या आत एक चकती असते. पाटी पुसताना ती एकदा फिरते. बाहेरच्या खोलीत तो आवाज कधीच पोचत नाही. अकरा वर्षांत घारीने तो बाकावर उघड्या पडलेल्या कॅमेऱ्यांतून ऐकला होता, या खोलीत कधीच नाही. ती तिथेच खाली बसली. ज्या जागी ते बसले होते त्याच जागी, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

त्यांनी तो ऐकला होता. तिन्ही वेळा. ती चकती त्यांनी स्वतः बसवलेली. कट् म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? आता आपण चित्रात नाही. आपल्याला बघितलं, ढग समजलं आणि पुसलं. पुसलेल्या माणसाला पुन्हा दिसायचं असेल तर एकच उपाय असतो: जागा बदलायची. म्हणून ते हलले. छातीत आग लागलेली असताना, आवाज फुटत नसताना, त्या माणसाने गुडघ्यांवर येऊन जागा बदलली. पुन्हा कट्. पुन्हा बदलली. तिसऱ्या वेळेनंतर त्यांनी जागा बदलली नाही, आणि चित्र स्वच्छ झालं.

घारीने पिशवीत कागद टाकले आणि साहेबांना न सांगता निघाली.

काकू पुस्तकं बांधायच्या. बाहेरच्या खोलीतच त्यांचं मोठं टेबल. त्यावर फाटका शब्दकोश सुटा करून पसरलेला, खळीचा वाडगा, दोऱ्याची रिळं. एका बाजूला मास्तरांची खुर्ची होती आणि तिच्यावर पुठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला होता, बहुधा कोणी चुकून तिथे बसू नये म्हणून.

“ये गं. हात खळीचे आहेत, पाणी तुझं तू घे,” काकू म्हणाल्या. “साहेबांचा फोन आला होता. घार आलीये का म्हणून. मी म्हटलं, मी काय तिला पिंजऱ्यात ठेवलीये? काय झालं? भांडलात?”

“नाही.”

“मग तोंड का असं?”

घारीने वाटेत सतरा प्रकारे वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडात येईना. तिने तीन कागद टेबलावर ठेवले, आणि मग जसं सुचेल तसं सांगितलं. पाटी म्हणजे काय, पुसणं म्हणजे काय. काकूंना ते समजावून सांगावं लागलं नाही फारसं. अठरा वर्षं जेवताना दुसरं काही ऐकलंच नव्हतं त्यांनी. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, आणि पहिला कागद जवळ ओढला.

“हा त्याचाच चष्मा. डावी दांडी वाकलेली. नीट करून घे म्हणून जीव गेला माझा.” मग दुसरा. मग तिसरा. “म्हणजे जागच्या जागी नाही गेला.”

“नाही, काकू.”

“किती वेळ?”

“पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत अडतीस मिनिटं. त्यानंतर किती, ते माहीत नाही.”

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी ‘येऊ दे, येऊ दे’ करत होतं.

“तू म्हणाली होतीस, तुला काही दिसलं नाही.”

“दिसलं होतं. पांढरा डाग दिसला. मी ढग समजले आणि पुसला.”

“तीनदा?”

“तीनदा.”

घारीला वाटलं, आता या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. काकूंनी टेबलावरची सुई उचलली, दोरा गुंडाळला, आणि ती रिळात खोचून ठेवली.

“घरात पाण्याच्या पेल्यासाठी उठायचा नाही,” त्या म्हणाल्या. “मी म्हणायचे, बुडाला खळ लावून बसतोस का. आणि तिथे तीनदा उठला.”

घारीचे डोळे भरून आले. पण इथे रडायचा हक्क आपला नाही, हे तिला समजत होतं, म्हणून तिने ते मनगटाने पुसले आणि ताठ बसली.

“त्याला कळलं असेल का? तू पुसलंस ते?”

हाच तो प्रश्न. इथे एक ‘नाही’ पुरला असता. साहेबांनी तो आनंदाने दिला असता, डॉक्टरांनी तर खांद्यावर हात ठेवून दिला असता. घारीच्याही जिभेवर आला होता.

“आवाज होतो, काकू. आतली चकती फिरते त्याचा. त्यांनीच बसवलेली आहे.”

काकूंनी मान हलवली. मग तिन्ही कागद एका रेषेत लावले, पुस्तकाची पानं जुळवतात तसे, कडेला कड.

“यात दार कुठे आहे?”

“हे इथे. पाटीच्या शेजारी.”

“कुलूप होतं?”

“नाही. आतून कडी आहे, खाली ओढली की उघडते.”

काकूंनी पहिल्या चित्रावर बोट ठेवलं. वाकलेल्या मास्तरांपासून दारापर्यंत ते सरकवलं. बोटभर अंतर. “इथे दार हाताशी आहे.”

“चार पावलं.”

“आणि यात लांब गेला.” बोट दुसऱ्या कागदावर आलं, मग तिसऱ्यावर. “यात आणखी लांब. वेडाबिडा होता का हा? दार सोडून कॅमेऱ्याकडे कशाला गेला?”

घारीने कागदाची कड सरळ केली.

“सांग की. मापन बिघडेल म्हणून?”

“नाही, काकू. समोर आले तेव्हाच ते बिघडलं होतं. त्यांना माहीत होतं, पडद्यापुढे घार बसलीये.”

काकूंनी चष्मा काढला. नुसत्या डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं, रागाने नाही, काहीतरी नीट समजून घ्यायचं असल्यासारखं.

“तुझ्याऐवजी दुसरं कोणी असतं, तर?”

“तर ते दाराकडे गेले असते,” घार म्हणाली.